हाताची घडी सोडायची कधी?

पत्र : मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत चौथीला शिकवते. पटावर ४६ मुलं आहेत. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन मुलं वर्गात येतात आणि लगेच गणिताचा तास असतो. पहिली पंधरा मिनिटं बरी जातात. मग बाक वाजायला लागतात, पट्ट्या खाली पडतात, ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ सुरू होतं. तासाच्या मध्ये दोन-तीन मिनिटं हालचाल करू दिली की मुलांचं लक्ष परत येतं, असं एका प्रशिक्षणात ऐकलं. म्हणून मोबाइलवर गाणं लावून मुलांना नाचवलं. मजा आली, पण त्यांना पुन्हा बसवण्यात पाव तास गेला आणि शेजारच्या वर्गातल्या सरांनी तक्रार केली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘नाचगाणं स्नेहसंमेलनात ठेवा.’ एका पालकांनीही विचारलं, ‘उड्या मारायला शाळा कशाला हवी?’ यात खरंच काही तथ्य आहे, की वेळ वाया जातो? आणि वर्गात एक मुलगा आहे, तो दोन मिनिटंसुद्धा एका जागी बसत नाही. त्याला मी बऱ्याचदा उभं करते. माझं चुकतंय का?

– एक शिक्षिका

प्रिय बाई,

तथ्य आहे, आणि चांगलंच आहे. तुमचा पहिला प्रयत्न फसला त्यात हालचालीचा दोष नव्हता. ती थांबवायची कशी, हे आधी ठरलेलं नव्हतं, इतकंच. पत्र वाचून मला वाटलं, तुम्ही योग्य गोष्ट चुकीच्या टोकाने धरली आहे. दुसरं टोक हातात आलं की ती सोपी होईल.

आधी माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा तरी म्हणत असेन. पुढून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. माझं वाक्य संपायच्या आत तिचं बोट ओठावर असायचं. पाठ ताठ, डोळे माझ्यावर. बाकीच्यांना मी तिचं उदाहरण द्यायचे. एकदा भागाकार शिकवून झाल्यावर मी तिलाच फळ्यापाशी बोलावलं, तर तिला एकही पायरी सांगता येईना. मी विचारलं, ‘अगं, तू तर नीट ऐकत होतीस ना?’ ती म्हणाली, ‘बाई, माझं बोट हलू नये म्हणून मी बघत होते.’ मी ते वाक्य त्या दिवसापासून टाकलं असं नाही, सवय सुटायला बराच काळ गेला. पण शांत बसलेलं मूल म्हणजे लक्ष देणारं मूल, हा माझा समज तिथेच मोडला.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला न हलता बसणं हेच एक काम असतं. आपण मोठी माणसं तासभर खुर्चीत बसतो तेव्हा किती वेळा पाय बदलतो, टेकतो, पुढे सरकतो, त्याचा आपल्याला पत्ताही नसतो. मुलांना मात्र आपण तेवढीही मुभा देत नाही. लांब बाकावर चौघं खेटून बसलेली, पाठीला टेकण नाही, एक हलला की चौघं हलतात. हातपाय आवरण्यातच मुलाचं अर्धं लक्ष खर्च होतं आणि भागाकाराला उरलेलं अर्धं मिळतं. त्यात तुमचा तास दुपारचा. सुस्ती खिचडीमुळे येते असं आपण म्हणतो, पण खिचडीचा दोष अर्धाच. आपल्या शरीराच्या घड्याळातच दुपारी एक ते तीनच्या सुमारास एक उतार असतो. हलकं खाल्लेल्या माणसालाही तेव्हा जरा जड वाटतं. वेळापत्रकात दिवसाचा सर्वांत अवघड तास तुमच्या वाट्याला आला आहे, तेव्हा त्या तासावरून स्वतःच्या शिकवण्याची कुवत जोखू नका.

आता मुख्याध्यापकांना सांगता येईल असं थोडं. २००६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका प्राथमिक शाळेवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे शिक्षक मुलांकडून वर्गातच रोज सुमारे दहा मिनिटं हालचाल करून घेत आणि निरीक्षक त्याच्या आधी व नंतर मुलं कामात आहेत की भरकटली आहेत, याची नोंद ठेवत. हालचालीनंतर मुलं कामात असण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं. जी मुलं सर्वांत जास्त भरकटायची, त्यांच्यात तर ही वाढ त्याहून बरीच मोठी होती. पुढे कॅनडात दुसरी आणि चौथीच्या मुलांवर चार मिनिटांच्या जोरकस हालचालीचा प्रयोग झाला, तिथेही नंतरच्या वेळात भरकटणं कमी झालं. फिनलंडमध्ये तर साधारण पंचेचाळीस मिनिटं शिकवलं की पंधरा मिनिटं मुलांना बाहेर सोडायचं, ही पूर्वीपासूनची रीत आहे.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर उद्या तीच तुमच्या अंगावर येईल. हालचालीनंतर मुलं कामाला जास्त लागतात, हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसलं आहे. त्यामुळे गुण वाढतातच, असं तितक्या खात्रीने म्हणता येत नाही. तेव्हा मुख्याध्यापकांना ‘निकाल सुधारेल’ असं वचन देऊ नका. ‘पस्तीस मिनिटांच्या तासात सध्या वीस मिनिटं मला शिकवता येतं. तीन मिनिटं दिली तर अठ्ठावीस मिळतील, असं वाटतं. बघू द्या,’ एवढंच म्हणा. या हिशोबाला कोणी नाही म्हणणार नाही.

आता ते दुसरं टोक.

हालचाल द्यायची ती गोंधळ सुरू होण्याआधी. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त चुकतं तेही हेच. तुम्हीच लिहिलंय की पंधरा मिनिटं बरी जातात. मग बाराव्या मिनिटाला मुलांना उभं करा, शांत असतानाच. बाक वाजायला लागल्यावर उभं केलंत तर चार दिवसांत मुलं शिकतील की बाक वाजवले की बाई उठवतात. आणि तुम्हालाही ते हार मानल्यासारखं वाटेल, तुमच्या आवाजात ते उतरेल, मुलांना ते ऐकू येईल.

मोबाइल बाजूला ठेवा. गाण्याला माझा विरोध नाही, पण मोबाइलवरचं गाणं कधी संपायचं हे तुम्ही ठरवत नाही, गाणं ठरवतं. मागच्या बाकांना दिसत नाही म्हणून ती पुढे येतात. शेजारच्या सरांपर्यंत आवाज जातो. शिवाय सगळा जोर शेवटच्या कडव्यात येतो आणि तिथेच ते थांबतं. ऐन उधाणावर आलेल्या ४६ मुलांना ‘चला बसा’ म्हटल्यावर ती बसणार कशी? म्हणून तुमचा पाव तास गेला.

त्याऐवजी मुक्याने खेळा. नियम एकच : तोंडातून आवाज नाही, पाय आपल्या जागेवर. मुलांना हा नियम बंधनासारखा वाटत नाही, उलट चोरून काही करतोय अशी गंमत वाटते. मी करायचे तो क्रम सांगते. फळ्याजवळ उभी राहून मी एक हात वर करायचे, मुलं बाकातल्या बाकात उभी राहायची. मग मी फक्त करून दाखवायचे. आंबे उतरवायचे : चवड्यावर उभं राहून एकदा डावा हात, एकदा उजवा, जितका वर जाईल तितका, दहा-बारा आंबे. मग विहिरीतून पाणी शेंदायचं : दोन्ही हातांनी दोर ओढत गुडघ्यात थोडं वाकायचं, पुन्हा ताठ व्हायचं. घागर जड आहे, हे तोंडावर दिसलं पाहिजे. मग जागच्या जागी चालायचं, गुडघे वर, पाऊल मात्र मांजरासारखं. वेग वाढवत न्यायचा, वीसेक सेकंद चांगला पळता वेग, श्वास थोडा वाढला पाहिजे. नुसते हात हलवून काही होत नाही. मग ओली चादर पिळायची, दोघादोघांत, समोरासमोर. माझ्या वर्गात एक जोडी रोज चादरीचं शेवटचं पाणी झटकून शेजारच्यांच्या अंगावर उडवायची. पाणी खोटं होतं, पण शेजारचे तोंड पुसायचे.

इथवर दोन मिनिटं झाली. आता उतरणीचं मिनिट, आणि तुमचा सगळा प्रयोग यावर उभा आहे. हालचाल मोठीकडून लहानकडे आणायची. चादर वाळत घालायची, हळूच. खांदे वर, खांदे खाली. मनगटं फिरवायची. मग फक्त बोटं. मग दूध पोळतंय, त्यावर फुंकर : नाकाने श्वास आत, तोंडाने सावकाश बाहेर, तीनदा. तिसऱ्या फुंकरीबरोबर खाली बसायचं. बसताना बाक वाजता कामा नये, ही शेवटची पैज. बसल्याबरोबर समोर काहीतरी तयार पाहिजे. मुलांना उठवायच्या आधीच पुढचं उदाहरण फळ्यावर लिहून ठेवा. ‘हां, आता वह्या काढा, कुठे होतो आपण’ यात अर्धं मिनिट गेलं की ते लक्ष गेलंच. फळ्यावर उदाहरण आहे, वही उघडी आहे, पेन्सिल वहीत आहे, मूल बसतं आणि लिहायला लागतं.

पहिला आठवडा हे नीट होणार नाही. कोणीतरी हसेल, कोणीतरी दोर ओढता ओढता शेजाऱ्याला ढकलेल. तेव्हा थांबू नका आणि ओरडूही नका. क्रम रोज तोच ठेवा, कंटाळा येईल इतका तोच. मुलांना तो पाठ झाला की त्यांचं शरीर आपोआप उतरणीला लागतं. नवीन काही करायचं तर आंब्याच्या जागी जांभळं आणा, सांगाडा बदलू नका. पंधरा-वीस दिवसांनी एखाद्या मुलाला फळ्याजवळ उभं करून त्याच्याकडे पुढारपण द्या.

दोन गोष्टी अजिबात करू नका. हालचाल बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. ‘आज तुम्ही दंगा केला, आज आंबे नाहीत’ असं म्हटलं तर ज्या दिवशी मुलांना सर्वांत जास्त गरज होती त्याच दिवशी आपण ते बंद केलं. तसंच या क्रमात उठाबशा घेऊ नका. व्यायाम म्हणून त्या उत्तम असतील, पण आपल्या शाळांत कान धरून उठाबशांचा इतिहास मोठा आहे. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आली, तरी मुलांच्या मनात उठाबशा अजून शिक्षेच्याच खात्यात आहेत. त्या आल्या की मुलांची तोंडं बदलतात, मी पाहिलंय.

दर वेळी धड्यातून बाहेर पडावं लागतं असंही नाही. कोन शिकवताना हात वापरा. दोन्ही हात जोडून शून्य, मग उघडत उघडत लघुकोन, काटकोन, विशालकोन. मी नाव घेईन, तुम्ही कोन करा. ४६ मुलांचे ४६ कोन तुम्हाला एका नजरेत दिसतात, वह्या तपासायची वाट बघावी लागत नाही. ‘सातचा पाढा : विधान बरोबर असेल तर उभे राहा, चूक असेल तर बसून राहा.’ सात आठे चोपन्न म्हटलं की अर्धा वर्ग उठतो, मग एकमेकांकडे बघत काही जण हळूच बसतात, आणि छप्पन्न कोणाला येतं ते तुम्हाला कळतं. परिसर अभ्यासात पूर्वेकडे तोंड करा, आता डाव्या हाताला कोणती दिशा? ही हालचाल बघून कोणी नाचगाणं म्हणणार नाही, कारण तो धडाच आहे. मुख्याध्यापकांचं मन वळवायचं असेल तर सुरुवात इथून करा.

थोडी काळजी. खिचडी खाऊन आल्या आल्या उड्या नकोत. बाराव्या मिनिटापर्यंत थोडं बसणं झालेलं असतं, तरी वेग बेताचा ठेवा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून पळतं करू नका, मोजे काढायला लावा. कोणाला दमा असेल, कोणाच्या घरी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल (विदर्भ, नंदुरबार भागात हे विचारायलाच हवं), तर त्या मुलाने दम लागेपर्यंत करायचं नाही, आणि पाणी मागितलं तर कधीही द्यायचं. उभं राहता न येणाऱ्या मुलासाठी आंबे, दोर आणि चादर बसूनही होतात. फार तर त्या दिवशी सगळा वर्गच बसून करेल.

मुख्याध्यापकांकडे परवानगी मागायला जाण्याआधी एक वही करा. वर्गातली सहा मुलं मनाशी निवडा, दोन हुशार, दोन मधली, दोन चुळबुळी. एक आठवडा काहीच करू नका, फक्त तासाच्या विसाव्या मिनिटाला त्या सहांकडे नजर टाका आणि किती जण कामात आहेत तेवढा आकडा लिहा. पुढचे दोन आठवडे बाराव्या मिनिटाला हालचाल आणि विसाव्या मिनिटाला तोच आकडा. बसवायला किती वेळ लागला तोही लिहा. पंधरा आकड्यांचं ते पान घेऊन जा. मुख्याध्यापकांना केंद्रप्रमुखांना काहीतरी दाखवायचं असतंच, तुमचं पान त्यांच्या उपयोगी पडेल. आकडे बदलले नाहीत तर मात्र तेही मान्य करा आणि वेळ बदलून बघा, कदाचित तुमच्या वर्गाला दहावं मिनिट हवं असेल.

त्या पालकांना काय सांगाल? त्यांना वर्गात बोलवा, तीन मिनिटं उभं करा आणि मग मुलं लिहायला लागतात ते दाखवा. बाकी वाद घालू नका. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली, तिला नाव दिलं कुरणशाळा. मूल जिथे आहे आणि जसं आहे तिथून सुरुवात करायची, ही आपल्याच मातीतली रीत आहे. तुमच्या तीन मिनिटांना त्याहून मोठा आधार लागणार नाही.

एक मात्र बजावून सांगते. या तीन मिनिटांच्या नावावर कोणी खेळाचा तास काढून घेत असेल तर कडकडून विरोध करा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्गातली तीन मिनिटं त्यातली तीनच असतात. परीक्षा जवळ आली की आपण सगळ्यात आधी कशावर डल्ला मारतो? खेळाच्या तासावर. ‘आज ग्राउंड नाही, गणित घ्यायचंय’ हे मीही म्हटलंय, आणि त्या दिवशी घेतलेलं गणित मुलांच्या डोक्यात किती गेलं हेही मी पाहिलंय.

आता तो मुलगा. तुम्ही विचारलंत, चुकतंय का? तुम्ही त्याला उभं करता यात वाईट हेतू नाही, हे पत्रावरून कळतं. पण उभं करताना तुम्ही त्याला जे द्यायला हवं तेच शिक्षा म्हणून देताय. त्याला उभं राहणं हवंच आहे, फक्त सगळ्यांच्या नजरा अंगावर नकोत. त्याला भिंतीकडच्या रांगेत शेवटच्या बाकाच्या कडेला जागा द्या आणि एकट्याला बाजूला घेऊन सांगा, ‘तुला वाटेल तेव्हा इथे उभं राहून लिहायचं, विचारायची गरज नाही. फक्त दुसऱ्याच्या बाकाला हात लावायचा नाही.’ अतिचंचल मुलांवरच्या काही अभ्यासांत असं दिसलंय की डोकं लढवायचं काम चालू असताना हालचाल केली तर त्यांचं काम सुधारतं. म्हणजे तो हलतो तेव्हा कदाचित लक्ष देण्याचाच प्रयत्न करत असतो.

त्याला ‘अतिचंचल’ असं नाव मात्र तुम्ही किंवा मी द्यायचं नाही. आधी साधी चौकशी करा. रात्री झोपतो किती वाजता? सकाळी काही खाऊन येतो का? फळा दिसतो का, मागून हाक मारली तर ऐकू येते का? काही चुळबुळ्या मुलांना चष्मा हवा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा त्याचं नाव घेऊन डॉक्टरांशी वेगळं बोला. घरीही असंच चालतं, जेवतानाही बसत नाही, असं आई सांगत असेल तर पथक त्याला जिल्हा रुग्णालयातल्या बालतपासणी केंद्रात पाठवू शकतं. आईला बोलवाल तेव्हा पहिलं वाक्य तक्रारीचं नको. तो चांगलं काय करतो त्यापासून सुरू करा. काहीतरी असेलच, पाण्याच्या टाकीचा नळ कोणी उघडा टाकला तर पहिला पळत जाऊन बंद करणारा बहुतेक तोच असेल.

आणि उद्या तास संपेल तेव्हा वह्या गोळा करून तुमच्या टेबलावर आणायचं काम त्याला द्या. ४६ वह्या दोन खेपांत येत नाहीत, चार तरी लागतात.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका